टाकीतल्या झाडांना फुलं हवी असतील तर आधी पाण्याची पातळी बघा

प्रश्न थोडक्यात असा: घरातली दोन फुटी काचेची टाकी (अ‍ॅक्वेरियम), लावून दीड वर्ष झालं. त्यात अनुबियास, क्रिप्टोकोरिन, रोटाला, व्हॅलिसनेरिया आणि एक अ‍ॅमेझॉन स्वोर्ड. एलईडी दिवा आठ तास, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, पाणी काठोकाठ, वर काचेचं झाकण, दर आठवड्याला छाटणी. झाडं जोमात आहेत, शेवाळ जवळपास नाही, पण फूल आजवर एकही आलेलं नाही. फुलांसाठी कोणतं खत घालावं?

खत बदलायची गरज नाही. झाडं जोमात आहेत म्हणजे त्यांना लागतं ते मिळतंय. फूल अडलंय ते काठोकाठ भरलेल्या पाण्यामुळे, बंद झाकणामुळे आणि दर आठवड्याला चालणाऱ्या कात्रीमुळे.

आपण टाकीत लावतो त्यातल्या बहुतेक वनस्पती मुळात दलदलीतल्या, ओढ्याकाठच्या आहेत. वर्षातले काही महिने त्या पाण्याखाली जातात, बाकीचा काळ उघड्यावर असतात. पाणी चढलं की पानं आणि फुटवे वाढवायचे, पाणी ओसरलं की फुलायचं आणि बी धरायचं, असा त्यांचा क्रम असतो. यामागचं कारण सरळ आहे. त्यांचं परागण हवेत होतं, पराग नेणारे किडे हवेत असतात आणि पराग भिजले तर बहुतेकांचे निकामी होतात. पाण्याखाली फूल उमलवणं म्हणजे साठवलेली साखर फुकट घालवणं. टाकीत आपण बारा महिने पूर ठेवतो आणि पूर असताना ही झाडं फुलायच्या भानगडीत पडत नाहीत.

कात्रीचंही तसंच. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला यांसारख्या उभ्या वाढणाऱ्या झाडांचं फूल शेंड्याला किंवा शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात येतं. टाकी नीटनेटकी दिसावी म्हणून आपण नेमका तोच भाग कापतो. झाड पृष्ठभागाजवळ पोचलं रे पोचलं की त्याचा शेंडा जातो. मग फूल येणार कुठून?

म्हणून आधी हे बघा की तुमचं कोणतं झाड फुलतं कुठे. काही थोडी पाण्याखालीच फुलतात, काही मूळ पाण्यात ठेवून दांडा पृष्ठभागावर आणतात, आणि बरीचशी पाण्याबाहेर काढल्याशिवाय फुलतच नाहीत. तुमच्या टाकीत तिन्ही प्रकार आहेत, त्यामुळे एकच उपाय सगळ्यांना लागू पडणार नाही.

पाण्याखाली फुलणाऱ्यांत सर्वांत भरवशाची अनुबियास. ती अळूच्या कुळातली, मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. अळूचं फूल ज्यांनी पाहिलंय त्यांना तिचं फूल लगेच ओळखू येईल: पांढरट हिरवं वेष्टन आणि त्यात उभा जाडसर दांडा. त्या दांड्याच्या तळाशी मादी फुलं, वर नर फुलं. पाण्याखालीही हे वेष्टन उघडतं आणि फूल कित्येक आठवडे टिकतं, कारण तिथे परागण होत नाही आणि वेष्टन वाळायचा प्रश्नच नाही. दीड वर्षात तुमच्या अनुबियासला एकही फूल आलं नसेल तर दोन गोष्टी तपासा. तिचं आडवं खोड वाळूत पुरलेलं आहे का? असेल तर आजच मोकळं करा आणि लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा. मुळं वाळूत गेली तर चालतील, खोड गेलं तर ते कुजतं. दुसरं, तुम्ही तिचे वारंवार तुकडे करता का? ती फार सावकाश वाढते, एकेक पान यायला तीन-चार आठवडे लागतात. दर वेळी खोड तोडून नवीन रोप केलं की प्रत्येक तुकडा पुन्हा लहान होतो. बोटभर लांबीचं, सात-आठ निरोगी पानं असलेलं खोड एका जागी वर्षभर न हलवता राहू द्या. प्रकाश वाढवू नका. पानं इतकी हळू वाढतात की जास्त उजेडात फुलाच्या आधी त्यांच्यावर शेवाळच येतं.

बोर्निओची बुसेफालांड्रा हीसुद्धा त्याच कुळातली आणि तशीच पाण्याखाली फुलणारी. तिची निगा अनुबियाससारखीच, त्यामुळे वेगळं सांगत नाही. बार्क्लाया लाँगिफोलिया मात्र वेगळीच आहे. ती कमळाच्या नातेवाइकांतली, लांब, लालसर, लाटेदार पानांची. तिची कळी पाण्याखाली न उमलताच आतल्या आत स्वतःचं परागण करते आणि बी धरते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कळी वाया गेली, पण काही दिवसांत तिचं फळ फुगतं आणि फुटून बिया पाण्यात पसरतात. ज्यांना झाकण काढायचं नाही, पाणी कमी करायचं नाही, पण बियांपासून रोप करण्याचा आनंद मात्र हवा आहे, त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. तिला गरम पाणी आणि मुळाशी खत लागतं, आणि गोगलगायींपासून जपावं लागतं.

आता पृष्ठभागावर येणाऱ्यांबद्दल. मला स्वतःला हा गट सगळ्यात आवडतो, आणि घरच्या टाकीत फुलांचं सुख सगळ्यात लवकर इथेच मिळतं.

तुमच्याकडे व्हॅलिसनेरिया आहे म्हणजे कदाचित ती फुललेलीही असेल आणि तुम्हाला दिसली नसेल. तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादी झाड शिवायच्या दोऱ्याइतका बारीक, लांबलचक देठ वर सोडतं. त्याच्या टोकाला तांदळाएवढं फूल असतं, ते पृष्ठभागावर टेकतं आणि त्याच्या भाराने पाण्याला बारीकशी खळी पडते. नर झाडाची फुलं बुडाशी, पानांच्या मुळाशी तयार होतात. ती तिथून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, पृष्ठभागावर उघडतात आणि तरंगत तरंगत जाऊन त्या खळीत घसरतात. परागण झालं की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळ खाली ओढून नेतो. हे सगळं घरातल्या काचेच्या टाकीत बघायला मिळू शकतं, फक्त पृष्ठभाग शांत हवा. फिल्टरच्या पाण्याचा झोत वरून आदळत असेल तर तो देठ सतत बुडतो. झोत खाली किंवा काचेकडे वळवा. अडचण एकच: एका रोपापासून धावत्या खोडाने वाढलेली सगळी रोपं एकाच लिंगाची असतात. बी हवं असेल तर दुसऱ्या कुणाच्या टाकीतलं रोप आणून लावावं लागेल.

याच झाडाला या छंदाच्या इतिहासातही जागा आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून, झाडं आणि प्राणी एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते १८५० मध्ये मांडलं. आज आपण करतो ते त्याच वाटेवरचं काम आहे.

पण फुलासाठी म्हणून एकच नवीन झाड आणायचं असेल तर अपोनोजेटॉन आणा. अपोनोजेटॉन क्रिस्पस किंवा त्याचे संकर सहज मिळतात, बहुतेक कंदाच्या रूपात. कंद दाबून बघा: टणक असेल तर घ्या, मऊ आणि वास येणारा असेल तर सोडून द्या. तो अर्धा वाळूत, अर्धा वर असा ठेवा आणि बुडाशी एखादी खताची गोळी खोचा. पानं पुरेशी झाली की एक दांडा वेगळ्याच वेगाने वर निघतो. पान आणि फुलाचा दांडा यांतला फरक टोकाला कळतो. दांड्याच्या टोकाला पातळ टोपीसारखं आवरण असतं. ते पृष्ठभागापाशी आलं की फाटतं, गळतं आणि आतला तुरा हवेत सरळ उभा राहतो. तुऱ्यावरची फुलं खालून वर अशी क्रमाने उमलतात, त्यामुळे सगळी एकाच दिवशी तयार नसतात.

इथेच झाकण आडवं येतं. पाणी काठोकाठ असेल तर तुरा काचेला टेकतो, वाकतो, काचेवर साचलेल्या पाण्याने भिजतो आणि कुजतो. दिवा अगदी जवळ असेल तर टोक करपतं. पाण्याची पातळी आठ-दहा सेंटिमीटर खाली आणा, झाकण काढा आणि दिवा वर उचला. मासे उड्या मारणारे असतील तर काचेऐवजी जाळी लावा. आणि पातळी खाली आणताना हीटर पूर्ण पाण्याखाली राहतोय ना, हे आवर्जून बघा. अर्धा उघडा पडलेला चालू हीटर तडकतो आणि तो प्रकार धोकादायक असतो. उभा लावलेला असेल तर आधीच आडवा करून खाली लावा.

परागणासाठी चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश पुरतो. तुरा उघडल्यापासून तीन-चार दिवस रोज एकदा खालून वर आणि वरून खाली हलकेच फिरवा. क्रिस्पससारख्या जातींत एकाच तुऱ्यावरच्या परागांनी बी धरतं. सगळ्या जातींत असं होत नाही. काहींना दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, म्हणून दोन कंद लावलेले बरे. बी धरलं तर तुऱ्यावर हिरवे दाणे फुगायला लागतात. पिकून सुटल्यावर त्या बिया थोडा काळ तरंगतात, मग बुडतात. तेवढ्यात मासे त्यांचा फडशा पाडतात, म्हणून दाणे फुगले की तुऱ्याला बारीक जाळीची पिशवी बांधून ठेवा. मिळालेल्या बिया उथळ पाण्यात, बारीक वाळूवर सोडा. पुरायच्या नाहीत. त्या लवकर रुजतात. अपोनोजेटॉन अंड्युलेटस या जातीत आणखी एक गंमत आहे: तिच्या दांड्यावर पुष्कळदा फुलाऐवजी पूर्ण रोपच तयार होतं, पानं आणि कंदासकट.

फुलून झाल्यावर अपोनोजेटॉनची पानं कमी होऊ लागली, नवीन यायची थांबली, तर झाड मेलं असं समजून कंद फेकू नका. बऱ्याच जाती विश्रांती घेतात. मादागास्करची जाळीदार पानांची अपोनोजेटॉन मादागास्करिएन्सिस याच गैरसमजापायी अनेकांच्या हातून जाते. कंद कडक असेल तर तो जिवंत आहे. थोड्या थंड पाण्यात, कमी उजेडात दोन-तीन महिने राहू द्या.

टायगर लोटस म्हणून मिळणारं निम्फिया लोटस फुलवायचं असेल तर आपली नेहमीची सवय उलटी करावी लागते. एरवी तरंगती पानं दिसली की आपण ती कापतो, म्हणजे झाड खाली झुडपासारखं राहतं. फुलासाठी चार-पाच पानं पृष्ठभागावर पसरू द्यायची. त्या पानांच्या वरच्या बाजूला रंध्रं असतात आणि ती थेट हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, हे लक्षात घेतलं की एक तरंगतं पान झाडाला किती कमावून देतं ते कळतं. त्या कमाईवरच फूल उभं राहतं. फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा सकाळी मिटतं, असं काही रात्री चालतं. म्हणून टाकीचा दिवा संध्याकाळी लवकर मालवला आणि दुपारी कळी मिटलेली पाहिली तर ती उमललीच नाही असा गैरसमज करून घेऊ नका. दोन फुटी टाकीत मात्र मी हे झाड सुचवणार नाही. पानांची सावली खालच्या सगळ्या झाडांना मारते.

आता उरली तुमची क्रिप्टोकोरिन, रोटाला आणि स्वोर्ड. यांतल्या पहिल्या दोघींना पाण्याबाहेर काढावं लागेल, आणि त्यासाठी टाकी मोडायची गरज नाही. पारदर्शक झाकणाचा एक खोलगट प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात भोकं पाडलेल्या छोट्या कुंड्या, कुंड्यांत अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठी मिळणारी दाणेदार माती) किंवा चिकणमाती मिसळलेली वाळू, आणि डब्याच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी. रोप लावा, झाकण लावा, वर दिवा दहा ते बारा तास. मुख्य टाकीत इतका वेळ दिवा ठेवला तर शेवाळ मातेल. इथे पानं हवेत असल्यामुळे तो त्रास नाही. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही लागत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे पाण्यातली जुनी पानं वाळतील, क्रिप्टोकोरिनची तर विरघळूनच जातील. घाबरू नका. पाण्याखालच्या पानावरचा मेणचट थर इतका पातळ असतो की हवेत ते तग धरू शकत नाही. नवीन पानं वेगळी येतात. रोटाला रोटुंडिफोलियाचं पाण्यातलं पान लांबट आणि अरुंद, हवेतलं गोल आणि जाडसर. ती गोल पानं स्थिरावली की झाकण रोज थोडं थोडं सरकवत हवा कोरडी करा. एकदम उघडलंत तर रोप कोमेजतं. मग छाटणी बंद. रोटालाच्या शेंड्यांवर बारीक गुलाबी फुलांचे तुरे येतात आणि डबाभर शेंडे एका वेळी फुलले की त्या गुलाबी रंगाला तोड नसते. ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी, याहून सोपी. तिचा शेंडा टाकीच्या पाण्यातूनच वर येऊ दिला तरी ती पानांच्या बेचक्यात पांढरट फुलं धरते. टाकीबाहेरचा हा खटाटोप करायची इच्छा नसेल तर रोटालाऐवजी तीच लावा आणि चार दांडे मुद्दाम वर वाढू द्या.

क्रिप्टोकोरिनसाठी महिनोन्‌महिने थांबायची तयारी हवी. वेंड्टी किंवा बेकेटी या श्रीलंकेतल्या जाती त्यातल्या त्यात लवकर फुलतात. कुंडीत मुळं भरली, पानं दाट झाली की बुडातून एक निमुळती गुंडाळी निघते आणि तुम्हाला आधी ते नवीन पानच वाटतं. ती उघडल्यावर वर रंगीत, पिळलेली पट्टी दिसते, खाली लांब नळी, आणि अगदी तळाशी मातीलगत एक फुगीर कुपी. खरी फुलं त्या कुपीत असतात. मादी फुलं खाली आणि ती आधी तयार होतात, नर फुलं वर आणि त्यांचे पराग नंतर सुटतात. बारीक माश्या वासाने नळीत शिरतात, कुपीत अडकतात आणि पराग अंगावर घेऊनच बाहेर पडतात. धारदार पात्याने नळी उभी चिरून भिंगाखाली एकदा तरी बघा. एक फूल त्यासाठी खर्ची घालायला हरकत नाही. याचा व्यावहारिक उपयोगही आहे. क्रिप्टोकोरिनची पानं प्रकाश, पाणी, जमीन यांप्रमाणे इतकी बदलतात की पानावरून जात सांगणं बेभरवशाचं असतं. खात्री पटते ती फुलाच्या पट्टीचा रंग आणि आकार बघूनच.

स्वोर्डचा दांडा कदाचित टाकीत आधीच आला असेल. पाण्याखाली राहिला तर त्यावर फुलांऐवजी रोपं येतात. पाण्याबाहेर गेला तर तीन पांढऱ्या पाकळ्यांची सुंदर फुलं येतात. पातळी खाली आणल्यावर पुढचा दांडा न दाबता वर जाऊ द्या.

खताचा विषय टाळत नाही, पण तो थोडक्यात. नायट्रेट १० ते २० पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट १ ते २ पीपीएम, पोटॅशियम आणि लोह नियमित, एवढ्यावर वर सांगितलेली सगळी झाडं फुलतात. फुलझाडांसाठी मिळणारं जास्त फॉस्फरसचं बागेचं खत टाकीत अजिबात घालू नका. अशा खतांत अनेकदा अमोनियम किंवा युरिया असतो आणि त्यापासून पाण्यात होणारा अमोनिया माशांचा जीव घेतो. क्रिप्टोकोरिन, स्वोर्ड आणि अपोनोजेटॉन मुळांवाटे भरपूर खातात, त्यांना तीन-चार महिन्यांनी बुडाशी खताची गोळी द्या. आणि व्हॅलिसनेरिया असलेल्या टाकीत द्रवरूप कार्बन म्हणून मिळणारं औषध जपून वापरा. त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड हे रसायन असतं आणि व्हॅलिसनेरिया त्याने विरघळते.

तुमच्या टाकीपुरता क्रम सांगायचा तर: आजच पाणी आठ-दहा सेंटिमीटर खाली आणा, हीटर आडवा करा, झाकणाच्या जागी जाळी लावा. अनुबियासचं खोड वाळूत पुरलेलं नसेल तर तिला हात लावू नका. रोटालाचे आठ-दहा शेंडे आणि क्रिप्टोकोरिनचे दोन फुटवे डब्यात लावा. पुढच्या खेपेला एक अपोनोजेटॉनचा कंद आणा. पहिलं फूल बहुतेक त्याचंच येईल.

एक मात्र पाळा. छाटलेली आणि नको असलेली झाडं, बिया, कंद, काहीही ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. जलपर्णी सुंदर फुलते म्हणूनच माणसांनी ती जगभर नेली आणि तिने तलावच्या तलाव गिळले. टाकीतल्या एजेरिया, कॅबोंबा यांसारख्या झाडांनीही अनेक देशांत तेच केलंय. उरलेलं सगळं उन्हात कडक वाळवा आणि मगच कुंडीच्या खतात घाला.